विस्तव निबियाचा

निबियाने मनाशी पक्कं केलं होतं. एडिसनने चिमट्याला हात लावला, तर उत्तर ‘नाही’. हात लावला नाही, तर ‘हो’.

प्रश्न त्याने मागच्या रविवारी विचारला होता, नदीकाठच्या कट्ट्यावर, काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून. माते, म्हणजे नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा, त्याचा तुंबा तिच्या हातात देता देता तो म्हणाला, “आपण रोज इथे भेटतो. मग तू तुझ्या घरी जातेस, मी माझ्या. हे कशासाठी, ते मला कुणी समजावून सांगेल का? एकत्रच राहू या की.” निबिया एकसष्ट वर्षांची होती. तरी तिचं काळीज असं काही धडधडायला लागलं की तुंब्यातली नळी दातावर आपटली आणि जीभ भाजली. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, “शनिवारी माझ्याकडे जेवायला ये. मग सांगते.”

कारण तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. या देशातला पुरुष एरवी कितीही गुणाचा असो, मांस भाजायच्या पेटलेल्या जाळीशेजारी उभा राहिला की तो वेगळाच प्राणी होतो. तिचा नवरा रूबेन असाच होता. देव त्याचं भलं करो, माणूस सोन्यासारखा होता. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, पगार आणून हातात ठेवायचा. पण दर रविवारी अंगणात विस्तव पेटला की त्या विस्तवाच्या आसपास निबियाला फिरकायचीही परवानगी नव्हती. तो मांसाशी बोलायचा, निखाऱ्यांशी बोलायचा आणि निबियाशी बोलायचा तो फक्त ओरडून. “निबिया, ताट! निबिया, मीठ! निबिया, फळी कुठंय?” ती आत सॅलड करत असायची. मग सगळे जेवायला बसायचे, पहिला घास घ्यायचे आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी ओरडायचं, “भाजणाऱ्याला टाळ्या!” टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, रूबेन मान लववायचा. निबियाच्या संसारात टोमॅटोला कधी कुणी टाळी वाजवली नव्हती.

रूबेन गेला आणि चिमटा शेजारच्या वाल्देमारने उचलला. कुणी दिला नव्हता, त्यानेच उचलला. “तू काळजी करू नकोस, शेजारीण, विस्तवाचं मी बघतो.” निबियाने पुन्हा टोमॅटो चिरायला घेतले. मग गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी, वाल्देमार चेंडूफेकीच्या क्लबात गेला असताना, तिने चोरून मूठभर लाकडं पेटवली. त्यांचे निखारे होऊ दिले. मांसाचा एकच काप भाजला. अर्धा कच्चा, अर्धा कोळसा. भिंतीवरून वाल्देमारच्या बायकोने, झुल्माने, वास घेतला आणि म्हणाली, “कोण जळतंय?” त्या दिवसापासून दर मंगळवारी दोघींचा हा चोरटा धंदा सुरू झाला. हात जाळीवर धरून धग जोखायची, चरबीची बाजू आधी उभी करायची, मांस कधी बोलतं आणि कधी गप्प होतं ते ऐकायचं. वसंत येईपर्यंत निबियाचा हात असा बसला होता की झुल्मा हाडं चोखत म्हणायची, “वाल्देमारला यातलं काही कळलं तर तो आपल्या दोघींना पोलिसात देईल.”

एडिसन तिला भेटला होता म्युनिसिपालिटीच्या तलावात, ज्येष्ठांच्या पोहण्याच्या वर्गात. डोक्यावर रबरी टोपी, डोळ्यांना चष्मा, दिसायला एखाद्या भल्या मोठ्या बेडकासारखा. तो ताक्वारेंबोकडचा, म्हणजे जिथली पोरं चालायच्या आधी मांस भाजायला शिकतात तिथला. पुढे राजधानीत येऊन आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाला तरी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. टॅक्सीत त्याच्या शेजारी बसून हा पाय पाहताना निबियाला हसू यायचं. आता मात्र त्याच पायाचा विचार करून तिला घाम फुटत होता. ज्याचा पाय राहत नाही, त्याचा हात राहील का?

शनिवारी संध्याकाळी उन्हं अजून अंगणातल्या लिंबाच्या शेंड्यावर होती, तेव्हाच तिने जाळीच्या बाजूच्या लोखंडी टोपलीत लाकडं रचून पेटवली. दोन जाड काप, प्रत्येकी हाताच्या पंजाएवढे, कडेला पांढऱ्या चरबीची पट्टी असलेले, तासभर आधीच बाहेर काढून ठेवले होते. रताळी चांदीच्या कागदात गुंडाळून तयार. लाल ढोबळ्या मिरच्या उभ्या चिरून बिया काढलेल्या. त्या जाळीवर मऊ झाल्या की पोटात एकेक अंडं फोडायचं. सॅलडचं सामान मात्र तिने मुद्दाम तसंच ठेवलं होतं: टोमॅटो, कांदा, लेट्यूस, धुतलेलं नाही, चिरलेलं नाही.

एडिसन आला तेव्हा त्याचे केस ओले होते, शर्टाला इस्त्री होती आणि हातात तानात वाइनची बाटली. “मी भूक आणली आहे आणि वाइन आणली आहे,” तो म्हणाला. “भूक जास्त आहे.”

मग त्याने विस्तव पाहिला. निबियाने त्याचे डोळे पाहिले. रबरी टोपीतला बेडूक क्षणात ताक्वारेंबोचा गडी झाला.

“आज विस्तव माझा,” निबिया म्हणाली.

“अर्थात,” एडिसन म्हणाला. “तुझं घर, तुझा विस्तव. त्यात काय?” आणि हे म्हणत असतानाच त्याचा उजवा हात आपोआप चिमट्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण हात वळला आणि त्याने उगाचच कान खाजवला.

निबियाने लाकडाची मूठ असलेल्या सळईने निखारे जाळीखाली ओढले. निखारे किती ओढायचे, कुठे दाट, कुठे विरळ, यावर ताक्वारेंबोत खून पडले असतील. एडिसनने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“बोल ना,” निबिया म्हणाली.

“काही नाही. हवा छान आहे.”

तेवढ्यात भिंतीवर वाल्देमारचं डोकं उगवलं. तो पलीकडे सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभा राहतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. “धूर दिसला,” तो म्हणाला. “कुणी पेटवलंय?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“मी म्हणजे मी, वाल्देमार. निबिया. इथे राहते.”

वाल्देमारने तिच्या हातातला चिमटा पाहिला. मग एडिसनकडे पाहिलं. मग पुन्हा चिमट्याकडे. “पाहुणे,” तो हळूच म्हणाला, “तुमची तब्येत वगैरे बरी आहे ना?”

“एकदम ठणठणीत.”

“हाताला काही लागलं-बिगलं?”

“हात झकास आहेत,” एडिसन म्हणाला आणि दोन्ही हात खिशात घातले.

वाल्देमारच्या शेजारी झुल्माचं डोकं आलं. तिलाही खोकं होतं. “तू खाली उतर,” ती नवऱ्याला म्हणाली. “लोकांना जेवू दे.”

“मी कुठे अडवतोय? मी फक्त म्हणतोय की डाव्या बाजूला निखारे कमी आहेत.”

“डाव्या बाजूला मिरच्या ठेवायच्यात,” निबिया म्हणाली.

“मिरच्या!” वाल्देमार आकाशाकडे बघून म्हणाला, जणू रूबेन तिथे बसून ऐकत होता.

निबियाने कापांवर जाडं मीठ टाकलं आणि ते जाळीवर ठेवले. चर्र झालं. त्या आवाजाने तिच्या अंगावर शहारा आला, सुखाचा. हात पिसासारखे हलके झाले होते. तिला गावंसं वाटत होतं, आणि खरं तर ती गुणगुणतच होती, हे तिला झुल्माच्या हसण्यावरून कळलं. एडिसन तिच्या मागे येरझाऱ्या घालत होता. त्याचे हात खिशातून बाहेर यायचे, पाठीमागे जायचे, काखेत शिरायचे, परत खिशात. पिंजऱ्यातल्या वाघाला हात असते तर त्याने असंच केलं असतं. पण चिमट्याजवळ? नाही. अजून नाही.

“मला काहीतरी काम दे,” तो शेवटी कळवळून म्हणाला. “बाई, काहीही दे.”

“सॅलड कर.”

भिंतीवर वाल्देमारने टोपी काढली.

“सॅलड,” एडिसन म्हणाला. हा शब्द त्याने पूर्वी ऐकला होता, पण तो आपल्या बाबतीत वापरला जाईल असं त्याला कधी वाटलं नसावं. “म्हणजे ते… टोमॅटोचं?”

“टोमॅटोचं.”

तो छाती पुढे काढून स्वयंपाकघरात गेला. निबियाला हसू आवरेना. रताळी तिने निखाऱ्यांच्या राखेत आधीच पुरली होती. आता मिरच्या डाव्या बाजूला मांडल्या. चरबी पारदर्शक होऊ लागली होती, सगळं मंगळवारसारखं चाललं होतं, मंगळवारपेक्षाही छान. दारातून आतलं टेबल दिसत होतं. एडिसनने लेट्यूसचा गड्डा नळाखाली धरला होता आणि आगारात उभी असलेली बस धुवावी तसा तो खसाखसा धुत होता. पानांचे डोळे पांढरे झाले असते, पानांना डोळे असते तर.

“हळू!” निबिया जाळीपासून ओरडली.

“हळूच करतोय!”

मग त्याने टोमॅटो घेतला. सुरीने एकदा आडवा, एकदा उभा. चार तुकडे. टोमॅटोची चार मोठाली ढेकळं. त्याच्या मते काम संपलं होतं. त्याने पुढचा टोमॅटो उचलला.

“बारीक चीर!”

“हे बारीकच आहेत!”

“कांदा पाण्यात घातलास का?”

“कांद्याला आंघोळ कशाला?”

निबियाने निखाऱ्यांचा आणखी एक ढीग कापांखाली सारला, नीट, सावकाश, जसा सारायला हवा तसा. आणि परत दारातून पाहिलं. एडिसन आता टोमॅटोवर तेल ओतत होता. मिठाच्या आधी! तेल आधी घातलं तर मीठ टोमॅटोला लागणार कसं? ते तेलावरूनच घसरणार. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“एडिसन! मीठ आधी!”

“आता तेल पडलं!”

तिने चिमटा खाली ठेवला.

“अगं ए,” झुल्मा भिंतीवरून म्हणाली. “विस्तव तुझा ना? मग सॅलड त्याचं.”

“मी फक्त बघून येते.”

“बघून नको येऊस.”

“एक मिनिट!”

आत येऊन पाहते तो वाडग्यात तेलाचं तळं आणि त्यात टोमॅटोची बेटं. एडिसन अभिमानाने उभा. “कसं आहे?” त्याने विचारलं.

“दे इकडे,” निबिया म्हणाली. तिने सुरी त्याच्या हातातून घेतली. “असं नाही. हे बघ, असं. पातळ. आणि कांदा असा. आणि ओरेगानो कुठंय? तू होतोस का बाजूला जरा?”

एडिसन बाजूला झाला. मग थोडा आणखी बाजूला झाला. मग रिकाम्या हातांनी अंगणात गेला.

निबियाने तेल निथळलं, ढेकळं पुन्हा चिरली, नवा टोमॅटो घेतला. सुरी सराईतपणे टकटक चालू लागली. तिचं मन अंगणातच होतं, अजूनही गुणगुणत, त्याने चिमट्याला हात लावला नाही, लावला नाही, लावला नाही…

“निबिया!” बाहेरून हाक आली.

“आले, आले!” निबियाने उत्तर दिलं आणि कांदा चिरत राहिली.

“निबिया! लवकर ये!”

“येतेय म्हटलं ना!” आणि तिने ओरेगानोची बरणी उघडली. अंगणातून पुरुषाने हाक मारली की पहिल्या हाकेला जायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. पहिली हाक ताटासाठी असते आणि ताट टेबलावरच असतं. दुसरी हाक पहिलीला उत्तर का दिलं नाही यासाठी असते. तिसऱ्या हाकेपर्यंत त्यांना ताट आपोआप सापडतं.

बाहेर मात्र ताटाचा प्रश्न नव्हता. चरबी वितळून निखाऱ्यांवर टपकली होती आणि जाळीतून लालभडक ज्वाळा उठल्या होत्या.

“उलटा!” वाल्देमार भिंतीवरून किंचाळत होता. “पाहुणे, उलटा! चिमटा समोर आहे!”

“नाही उलटता येत!” एडिसन जाळीसमोर उभा होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. “विस्तव माझा नाही!”

“अरे, विस्तव गेला खड्ड्यात, मांस जळतंय! कुठला तू?”

“ताक्वारेंबोचा!”

“ताक्वारेंबोचा! आणि असा उभा राहून बघतोस? तुझ्या बापाला काय तोंड दाखवशील?”

“बाप गेला माझा! निबिया! निबिया!”

“थांब, मीच उलटतो!” वाल्देमार खाली गायब झाला आणि केरसुणी घेऊन परत आला, लांब दांड्याची. भिंतीवरून त्याने ती जाळीच्या दिशेने फेकल्यासारखी लांबवली. केरसुणीचं टोक ज्वाळेत गेलं आणि चटकन पेटलं.

“माझी केरसुणी!” झुल्मा ओरडली.

ही तिसरी हाक नव्हती. ही वेगळीच हाक होती. निबियाची सुरी थांबली. आणि तेव्हा कुठे, ओरेगानोची बरणी हातात धरून स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं असताना, तिला आठवलं की बाहेरचा विस्तव तिचा आहे. ओरडणारा माणूस ताट मागत नाहीये. अंगणात असायला हवी ती स्वतः आणि इथे असायला हवा तो.

ती धावत बाहेर आली तेव्हा वाल्देमार भिंतीवरून वाकून पेटती केरसुणी लिंबाखालच्या पाण्याच्या बादलीत बुडवत होता आणि एडिसनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराने की आणखी कशाने, सांगता आलं नसतं. निबियाने चिमटा उचलला, काप ज्वाळेतून बाजूला ओढले, उलटले. खालची बाजू डांबरी रस्त्यासारखी होती.



“तू उलटलं का नाहीस?” निबिया म्हणाली.

“तू म्हणालीस, विस्तव तुझा.”

“पण जळत होतं!”

“दिसत होतं मला! दिसत होतं, वास येत होता, ऐकू येत होतं!” एडिसनने काखेतून हात बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले. “निबिया, मी आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही. पूर आलेल्या रस्त्यावरून भरलेली बस काढली आहे मी. ते यापुढे काहीच नव्हतं.”

“पण का?”

“का म्हणजे? परीक्षा होती ना?”

निबियाच्या हातून चिमटा पडता पडता राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“इन्स्पेक्टर बसमध्ये साध्या कपड्यांत चढला तरी ड्रायव्हरला कळतं. आल्या आल्या म्हणालीस ‘आज विस्तव माझा’, तेव्हाच मी म्हटलं, एडिसन, तिकिटं तपासायला आले.” त्याने नाक पुसलं. “मग? पास की नापास?”

निबियाला आधी रडू येईलसं वाटलं. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. टेबलावर पातळ चिरलेल्या टोमॅटोंची व्यवस्थित रांग होती, तिने लावलेली. त्याच्या हातातून सुरी हिसकावून घेऊन. त्याला त्याच्या सॅलडपासून हाकलून देऊन. रूबेनने सगळ्या संसारात तिला जेवढ्या सहजतेने विस्तवापासून दूर ठेवलं होतं, तेवढ्याच सहजतेने. आणि मग जे सुरू झालं ते हसू होतं, पोटातून, गुडघ्यांतून वर येणारं. तिला भिंतीला टेकावं लागलं.

“तू पास,” ती कशीबशी म्हणाली. “मी नापास.”

“मी म्हटलं होतं,” झुल्मा वरून म्हणाली. “बघून नको येऊस म्हटलं होतं.”

“तुम्ही मला परीक्षेबद्दल आधी का नाही सांगितलंत?” वाल्देमार दुखावून म्हणाला. “मी केरसुणी तरी वाचवली असती.”

जेवायला ते अंगणातच बसले. निबियाने काळी बाजू सुरीने खरवडली. आत मांस राखाडी झालं होतं आणि चपलेच्या तळव्याइतकं चिवट. रताळी मात्र मधासारखी गोड झाली होती, कागद उघडला तेव्हा वाफ निघाली. मिरच्यांमध्ये घाईघाईने फोडलेली अंडी कडेने घट्ट, मधे पातळ. सॅलडमध्ये तिने त्याची उरलेली ढेकळं मुद्दाम वर ठेवली. भिंतीवरची दोन डोकी हलायला तयार नव्हती, म्हणून तिने त्यांनाही एकेक रताळं दिलं.

एडिसनने स्टेकचा मोठा तुकडा कापला आणि तोंडात घातला. तो चावू लागला.

“रविवारी तू मला काहीतरी विचारलं होतंस,” निबिया म्हणाली.

एडिसनने मान डोलावली आणि चावत राहिला.

“पण मी नापास झाले. त्यामुळे आता उत्तर द्यायचा हक्क मला नाही.” तिने वाइनचा पेला त्याच्याकडे सरकवला. “तर मी विचारते. राहशील माझ्याबरोबर? अशा बाईबरोबर, जी तुझ्या हातातली सुरी हिसकावून घेते?”

एडिसनने तिच्याकडे पाहिलं. डोळे मोठे केले. बोट वर केलं: थांब. आणि चावू लागला.

मांस काही केल्या तुटेना. जबडा डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. त्याने वाइनचा घोट घेतला, तोही उपयोगी पडला नाही. निबिया त्याच्या गालाकडे बघत बसली, जणू त्या गालात तिचं पुढचं सगळं आयुष्य घोळत होतं.

“बोल की!” वाल्देमार म्हणाला.

“गिळू दे त्याला!” झुल्मा म्हणाली.

“हो म्हणायला इतका वेळ?”

“आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तू अजून नीट म्हणालेला नाहीस.”

एडिसनने मान जोरजोरात हलवली, वर-खाली.

“मान नको,” निबिया म्हणाली. “तोंडाने.”

त्याने डोळे मिटले, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि गिळलं. भिंतीवरची दोन्ही डोकी त्याच्याबरोबर गिळल्यासारखी झाली.

“हो,” एडिसन म्हणाला. “हो, हो. पण मी हाक मारली की येत जा.”

“आणि नाही आले तर?”

त्याने जाळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तर मी उलटू का?”

निबियाने खरोखरच विचार केला.

“एकदाच,” ती म्हणाली. “आणि चिमटा परत होता तिथे ठेवायचा.”